दादाला कुणी अडवलं होतं?

"ताई, मी आणि माझा मोठा भाऊ बीड जिल्ह्यातल्या एकाच घरात वाढलो. मी शिकून पुण्यात नोकरीला लागलो, दादा साडेतीन एकरांतच राहिला. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो, दादा बारावीत. त्यानं शिक्षण सोडलं. गेल्या काही वर्षांत त्यानं तीन बोअर पाडले, तिन्ही कोरडे. पीकविम्याचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत भरत नाही, गुटखा सुटत नाही. आता पुन्हा ८० हजार मागतोय. पत्नी म्हणते, पैसे देऊन आपणच त्याला पांगळं करतोय. मला कुणी उचलून पुण्यात आणलं नव्हतं. मग त्याला कुणी अडवलं होतं? – धाकटा, पुणे"

भाऊ,

कुणी अडवलं होतं, ते तुम्हीच लिहिलंय. फक्त एका ओळीत उरकलंत. वडील गेल्यावर घरातल्या एकाला शेतात उतरावं लागणार होतं आणि दादा चार वर्षांनी मोठा होता. तुम्ही मोठे असतात तर आज हे पत्र त्यानं लिहिलं असतं, आणि बोअर तुम्ही पाडले असते. तुमचे कष्ट खोटे नाहीत, अभ्यास तुम्हीच केलात. पण होस्टेलची फी कुठून यायची, हे पत्रात कुठंच नाही. जरा आठवून बघा.

म्हणून दादाचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्येच असतं. शेजारच्या बांधाला लागलं म्हणून आपल्याकडे लागेलच असं नाही, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. दोन कोरडे गेल्यावर तिसरा पाडणं हा जुगारच. गुटख्याचं खापरही पावसावर फोडता येत नाही.

पण चुकीची किंमत बघा. तुमच्याकडून पैशाची एकही चूक झाली नाही? कुणाच्या भिडेखातर घेतलेली पॉलिसी, शेअरमध्ये बुडालेली रक्कम? पुढच्या महिन्याचा पगार आला आणि खड्डा बुजला. दादाला पगार नाही. पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. पण एक हंगाम हातचा गेला की खातं थकबाकीत, नवं कर्ज बंद. २०२५ च्या सप्टेंबरात तिकडे पिकं पाण्याखाली गेली, जमिनी खरडून गेल्या, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. मग उरतो सावकार. त्याचा शेकडा तीन रुपये महिना दर धरला तरी वर्षाला ३६ टक्के झाले. माणूस तोच, कष्ट तेवढेच, आळस असेल तर तोही तेवढाच. आणि पीक हाती आलं तरी काय? २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात कित्येकांना त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागलं.

विम्याच्या अर्जाबद्दल वेगळं सांगते. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. तोडणीआधी हात रिकामा असताना आणि नंतर पैसे आल्यावर, त्याच माणसांना तशीच कोडी घातली. आधीच्या वेळी त्यांना ती नीट सुटेनात. मला नवल वाटलं नाही. घरात आजारपण असलं की मी गॅस बुक करायलाही विसरते. पुढच्या खरिपात तो अर्ज पुण्यात बसून तुम्हीच ऑनलाइन भरा, ओटीपी तेवढा दादाकडून घ्या. त्याच्यावर चिडण्यापेक्षा ते लवकर होईल.

पत्नीची भीती रास्त आहे, त्यांना वाईट ठरवू नका. तुमच्या घराचे हप्ते आहेत, मुलं आहेत. वर्षाला किती देणं झेपेल ते दोघांनी मिळून ठरवा आणि तो आकडा दादाला आधीच सांगून टाका. मागितलं की द्यायचं आणि मग महिनाभर धुसफुसायचं, हे थांबेल. गुटखा सोडलास तरच पैसे, अशी अट घालू नका. तुम्ही त्याचे मुकादम नाही. चौथ्या बोअरला मात्र एक पैसा नाही, आणि हे त्याच्या तोंडावर सांगा.

८० हजार लगेच फोनवरून पाठवू नका. गावी जा आणि वहिनींनाही सोबत घेऊन हिशेबाला बसा, खरे आकडे बहुधा त्यांनाच पाठ असतील. बँकेचं किती, बाहेरचं किती, ते कागदावर मांडा. बँकेची थकबाकी तुमच्या पैशात मिटत असेल तर आधी ती मिटवा, म्हणजे पुढच्या हंगामाला त्याला सावकाराच्या दारात जावं लागणार नाही. बाहेरचं कर्ज असेल तर देणाऱ्याकडे परवाना आहे का, ते विचारा. नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. आणि कर्जापोटी दादानं जमिनीच्या खरेदीखतावर कुठं सही तर केली नाही ना, हे सगळ्यात आधी विचारा. केली असेल तर ८० हजारांचं नंतर बघू, आधी वकील गाठा.