वाचक विचारतात: निफाडचा पारा पडला की बोंबील का महागतो?

प्रश्न: नमस्कार दादा, दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर आला की आमच्या मासेवाल्या मावशींची एकच टेप सुरू होते, "ताई, थंडीनं माल नाही, मासा खाली बसलाय." आणि पापलेट-बोंबलाचे भाव चढतात. निफाडच्या थंडीनं समुद्रातला मासा खरंच खाली बसतो का, की आम्हाला गंडवतात?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: ताई, मावशी अर्धं खरं बोलतायत, फक्त दोष चुकीच्या माणसावर टाकतायत. आपलं नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, आभाळ निरभ्र, हवा कोरडी, म्हणून रात्री जमीन झरझर गार होते आणि निफाडचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसतात. समुद्राचं तसं नसतं. एक घनमीटर पाणी एका अंशानं गार होताना जेवढी उष्णता सोडतं ना, तेवढ्यात तीन हजारांवर घनमीटर हवा एका अंशानं तापते, म्हणजे चार रात्री कुडकुडलो म्हणून अरबी समुद्र कुडकुडत नाही. आपल्या किनाऱ्याचं पाणी मेमध्ये तिशीच्या आसपास असतं, ते जानेवारी-फेब्रुवारीत २४-२५ वर येतं, तेही हळूहळू. १९६२ च्या जानेवारीत तर मुंबईत पारा ७.४ वर गेला होता, पण तो हवेचा.

मग माल कुठं जातो? वारा अडवतो. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारा पावसाळी हवेचा पट्टा, सरकून गेला की मागून जो कोरडा उत्तरेचा वारा सुटतो, तोच आपल्याकडे हुडहुडी आणतो आणि तोच डहाणू-सातपाटीकडे समुद्र खवळवतो. छोट्या होड्या दोन-तीन दिवस किनाऱ्यालाच बांधलेल्या, जाळं टाकणार कोण? म्हणजे निफाडची थंडी आणि रिकामी टोपली ही एकाच वाऱ्याची दोन पोरं, एकीनं दुसरी जन्माला घातली असं नाही. त्यात बोंबील डोल जाळ्यात मिळतो, ती एका जागी खुंटाला बांधलेली आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर भरणारी, त्यामुळे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ मंद असते ते दिवस आले आणि वरून वाराही सुटला तर मग विचारूच नका. उरलेला बोंबील वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या मांडवावर जातो, कारण ही कोरडी हवा सुकवायला एक नंबर, आपल्या आठवडे बाजारातला सुका बोंबील असाच तयार होतो.

"खाली बसलाय" हे मात्र अगदीच खोटं नाही. माशाचं अंग पाण्याएवढंच गरम किंवा गार असतं, पाण्याचं तापमान उतरलं की पचन मंदावतं, खाणं कमी, फिरणं कमी. गळवाले म्हणतात ना, "चावतच नाही", ते यामुळे. आणि मासा फिरलाच नाही तर पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यात अडकणार कसा? उथळ खाडीत, खासकरून पहाटेच्या ओहोटीला, पाणी मोकळ्या समुद्रापेक्षा लवकर गार होतं, तिथले मासे खोल पाण्याकडे सरकतात. रायगडकडच्या खाड्यांतला जिताडा तर उबेचा लाडावलेला, पाणी विशीच्या खाली गेलं की तोंड फिरवतो.

गंमत म्हणजे थंडी समुद्राचं वाईटच करते असं नाही. हा कोरडा वारा पाण्याची वाफ उडवतो आणि समुद्राचा माठ होतो, वरचं पाणी गार आणि जास्त खारट झालं की जड होऊन खाली जातं, ढवळाढवळ होते, खालची खतं वर येतात. गुजरातच्या वर उत्तर अरबी समुद्रात त्यावर हिवाळ्यात सूक्ष्म वनस्पतींचं पीकच येतं. म्हणजे होडी बंद असताना तिकडे माशाच्या जेवणाची तयारी चालू असते.

आणि भावाचं म्हणाल तर त्यात आपलाही हात आहे हो! मार्गशीर्षात गुरुवार पाळणारे, महिनाभर न खाणारे कितीतरी, आणि महिना संपला की सगळे एकदम बाजारात. माल कमी, गिऱ्हाईक दुप्पट, वर जव्हारच्या नाहीतर कसाऱ्याच्या घाटातून आलेल्या गाडीचं भाडं. मावशींनी हे सगळं कुठं सांगत बसायचं, त्या थंडी म्हणतात आणि मोकळ्या होतात.

प्रश्न: रीलमध्ये बघितलं, थंडीनं किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच. खरं असतं का? कोकणात होईल का?
– एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर: तू बघितलेलं रील कुठलं ते माहीत नाही, पण असं घडतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर निदान ३८ लाख मासे मेले, समुद्री कासवं हजारोंनी बधिर होऊन तरंगायला लागली. तिथलं लगुना माद्रे हे खारं सरोवर सरासरी मीटरभरच खोल, वरून ध्रुवाकडची हवा थेट येऊन आदळली, पाण्याचं तापमान दोन-तीन दिवसांत कोसळलं आणि माशाला पळायला वेळ मिळाला नाही. तिथं कडाक्याच्या थंडीत मासे जमतात ते खोल डोह मासेमारीला बंद करतात, कारण गारठलेला मासा कुणीही उचलेल. कोकणात तशी हवा पोचतच नाही.

प्रश्न: निफाड तालुक्यात प्लास्टिकचं शेततळं आहे, त्यात रोहू, कटला आणि थोडे पंगस. आठ दिवस झाले खाद्य तसंच तरंगतंय, दोन-तीन माशांवर लाल चट्टे दिसले.
– एक शेतकरी

उत्तर: दादा, खरी थंडी तुमच्या तळ्याला लागते, समुद्राला नाही. मागच्या जानेवारीत एका शेततळ्यावर सकाळी सहाला दोरीला थर्मामीटर बांधून सोडला, काठाजवळ १५, मध्यभागी १८. पंगस तर मूळचा गरम मुलखातला, तो आधी आजारी पडणार. सकाळचं खाद्य आधी बंद करा, दुपारी बारा ते दोनमध्ये थोडंच टाका, पंधरा मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं कुजून अमोनिया होतो, थंडीपेक्षा तो जास्त मारतो.

दुसरं, बागेला रात्री पाणी द्यायला शेततळंच उपसता ना? द्राक्षं वाचतात, पण तळं उथळ होतं आणि पुढच्या रात्री अजून गार पडतं. जमेल तेवढं विहिरीचं पाणी वापरा, ते पहाटे उबदारही असतं.

लाल चट्टे हा हिवाळ्यातला बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारा व्रणाचा रोग असू शकतो. जाळं टाकून मासे हाताळू नका, खवले निघाले की तिथूनच शिरतो. शेजारच्याच्या सांगण्यावरून चुन्याची पोती ओतू नका, आधी पीएच मोजा आणि एक चट्टेवाला मासा बर्फात घालून जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात दाखवा, मेलेला सडका नको, आजारी पण ताजा. नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यातले बगळे-पाणकावळे तळ्यावर यायला लागलेत का तेही कळवा, गारठून वर आलेला मासा त्यांना आपल्याआधी दिसतो.