नुनावुतमधील प्रकल्प-परवानगीचे काम हाती घेणाऱ्यास पत्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशातील खाण-प्रकल्पांच्या परवानगीचे काम तुझ्याकडे आले, याचा आनंद झाला. कॅनडाच्या इतर भागांतील सवयी मात्र तिथे नेऊ नकोस. केंद्राचा सर्वसाधारण आघात-मूल्यमापन कायदा, म्हणजे प्रकल्पाचे परिणाम आधी तपासण्याचा कायदा, तिथे लागूच होत नाही. लागू होतो तो 2013 मध्ये संमत होऊन 2015 च्या जुलैपासून अमलात आलेला नुनावुत नियोजन व प्रकल्प-मूल्यमापन कायदा. आणि त्याच्याही वर इनुइट (तिथले मूळ रहिवासी) आणि कॅनडा सरकार यांच्यातील 1993 चा करार आहे, कारण दोहोंत विसंगती आढळल्यास करारच मानला जातो. म्हणून आधी कराराची अकरावी व बारावी कलमे वाच, मग कायदा.

प्रस्ताव प्रथम नियोजन आयोगाकडे जातो. तिथे प्रश्न एकच असतो : त्या भागासाठी मंजूर झालेल्या जमीनवापर आराखड्यात हे काम बसते का? त्यानंतर आघात-परीक्षण मंडळ छाननी करते, आणि गरज वाटल्यास सविस्तर परीक्षण व जनसुनावणी होते. मंडळ शिफारस करते, निर्णय मंत्र्यांचा. हा क्रम वाचायला सोपा आहे, पण तो व्यवहारात कसा चालतो हे बॅफिन बेटावरील मेरी नदीच्या लोहखाणीच्या कागदपत्रांतून कळेल.

या खाणीला 2012 मध्ये प्रकल्प-प्रमाणपत्र मिळाले, ते दक्षिणेकडे रेल्वे नेण्याच्या योजनेवर. पुढे कंपनीने उत्तरेकडील मिल्न इनलेट या खाडीमार्गे वाहतूक वाढवण्याचा प्रस्ताव आणला. 2015 मध्ये नियोजन आयोगाने तो उत्तर बॅफिनच्या आराखड्यात बसत नाही असे कळवले, तेव्हा कंपनीने मंत्र्यांकडून सूट मिळवली. कायद्यात अशी पळवाट आहे, हे ध्यानात ठेव. मला ती आवडत नाही, पण ती बेकायदा नाही.

प्रस्ताव नंतर बदलत गेला आणि वर्षाला 1 कोटी 20 लाख टन खनिज नेण्याच्या योजनेवर सुनावणी झाली. ती 2021 मध्ये सुरू असताना काही शिकाऱ्यांनी खाणीची धावपट्टी आणि रस्ता अडवला. बर्फावर साचणारी तांबूस धूळ, जहाजांच्या आवाजामुळे इक्लिप्स साउंड या समुद्रपट्ट्यातून दूर जाणारे नारव्हाल (लांब सुळ्याचे देवमासे) आणि कॅरिबूंच्या (रानटी रेनडियरांच्या) वाटेत येणारा उत्तरेकडचा नियोजित लोहमार्ग या त्यांच्या तक्रारी होत्या. कंपनीची गणिती प्रारूपे (मॉडेल) वेगळे सांगत होती. 13 मे 2022 रोजी मंडळाने प्रकल्पाविरुद्ध शिफारस केली : सागरी प्राणी, वन्यजीव आणि इनुइटांची शिकार, संस्कृती व अन्नसुरक्षा यांवरील संभाव्य दुष्परिणाम सुचवलेल्या उपायांनी पुरेसे टाळता येणार नाहीत. नोव्हेंबरमध्ये मंत्र्यांनी ती मान्य केली.

या शिफारशीचा मंडळाचा अहवाल पूर्ण वाच. शिकाऱ्याची साक्ष आणि शास्त्रज्ञाचे मोजमाप यांत विरोध दिसतो तिथे मंडळ काय करते, हे त्यात पाहता येते. तुझ्या मसुद्यात इनुइट ज्ञानासाठी शेवटी एक वेगळे प्रकरण जोडून मोकळा होऊ नकोस. कॅरिबूंचा मार्ग, बर्फ फुटण्याचा काळ, मासेमारीची ठिकाणे यांविषयी लोकांनी सांगितलेले त्या त्या मुद्द्याखालीच यायला हवे, आणि ते सांगणाऱ्यांना त्यांच्या भाषेत तपासायला मिळायला हवे. सल्लागार संस्थांना यासाठी लागणारा वेळ खर्चिक वाटतो. तू वेळापत्रकात तो आधीच मागून घे.

आणखी एक : नकार मिळाला तो उत्तरेच्या प्रस्तावाला. दक्षिणेच्या रेल्वेचे 2012 चे प्रमाणपत्र कायम राहिले. त्यामुळे कोणत्या कामाला कोणती अट लागू आहे, हे पाहताना मूळ प्रमाणपत्र आणि त्यातील प्रत्येक दुरुस्ती समोर ठेव.

पहिला मसुदा तयार झाला की पाठव.

कळावे.