माहेरच्या गावी घर घेऊ का?

नागपुरात भाड्याने राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात त्या बहुतेक झोपेची तक्रार घेऊन. दोन-तीन बैठकांनंतर कळतं की झोप उडालीय ती घराच्या काळजीनं. नवरा गेलेला, मुलं दुसऱ्या शहरात, व्याजावर आणि थोड्या पेन्शनवर महिना चाललेला, आणि घरमालक म्हणतो, बिल्डरला द्यायचंय, मेपर्यंत रिकामं करा. मग डोक्यात एकच चक्र फिरत राहतं: इथं परवडत नाही, मुलाकडे जायचं नाही, मग गावाकडे जावं का? ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांच्या प्रश्नाला एक जास्तीची बाजू असते. तिथलं घर स्वस्त मिळेल, पण चार महिन्यांच्या त्या पावसात एकटीनं राहण्याजोगं असेल का?

अशाच एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकू चौसष्ट वर्षांच्या. माहेर सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या एका गावात. लग्न होऊन नागपूरला आल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली. काका खाजगी कंपनीत होते. ते गेल्यावर काकूंना ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन 2,400 रुपये मिळते. राहिलेले 20 लाख त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, एका खात्यात 15 आणि दुसऱ्यात 5. व्याज 8.2 टक्के, म्हणजे दर तिमाहीला 41,000. सगळं धरून महिन्याला सोळा हजार. त्यातले साडेसात हजार त्रिमूर्तीनगरच्या दोन खोल्यांच्या भाड्यात जात. उन्हाळ्यात कुलर दिवसरात्र चालला की विजेचं बिल वेगळंच.

त्या आल्या तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला होता. गावी चुलत भावाचं एक बंद घर होतं. तो पाच लाखांत द्यायला तयार होता. "घर बांधणीचं आहे ताई, जांभ्या चिऱ्याचं. विहीर आहे. आणि आपलीच माणसं आहेत ना," काकू म्हणाल्या. पाच लाखांचं खातं मोडायचं आणि जायचं. मी विचारलं, मग झोप का लागत नाही? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कागद पाहिले नाहीत. मागायचे कसे?"

माझ्या मते सगळं अडलं होतं ते इथेच. परक्या माणसाकडून घर घेताना आपण दहा प्रश्न विचारतो. नात्यातल्या माणसाला एक विचारायलाही जीभ रेटत नाही. त्यातून एकटी बाई असेल तर तिला आयुष्यभर एवढंच शिकवलेलं असतं की माहेरी काही मागू नये, भावाला दुखवू नये. या संकोचापायी माणसं गळक्या घरात, वादातल्या घरात जाऊन पडतात आणि हातातली पुंजी घालवून बसतात. हे मी फार वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

आम्ही आधी हिशेब मांडला, कारण आकडे कागदावर उतरले की भीती जरा बाजूला सरकते. पाच लाखांचं खातं मोडलं तर महिन्याचं व्याज साधारण 3,400 रुपयांनी घटणार. या योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, मुदतीआधी अख्खं खातं बंद करावं लागतं. काकूंच्या खात्याला दोन वर्षं होऊन गेली होती, म्हणून 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपये कापले जाणार. भाडं वाचेल हे खरं, पण कौलं, वायरिंग, संडास यांचा खर्च त्या पाच लाखांच्या वर. काकूंनी तो धरलाच नव्हता.

मग मी विचारलं, तुम्ही जुलैत गावाला शेवटच्या कधी होतात? त्या आठवत राहिल्या. लग्नानंतर प्रत्येक फेरी मे महिन्यात नाहीतर दिवाळीला. पाऊस त्यांच्या लक्षात होता तो मुलीच्या वयातला: पागोळ्या, पडवीतला झोपाळा, चुलीवर भाजलेले काजू. त्या घरात मे महिन्यात कौलं परतून घेणारे वडील होते आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरणारी आई होती. आता ते सगळं चौसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्यांना स्वतः करायचं होतं. नागपुरात वर्षाला हजारभर मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्गात त्याच्या तिप्पट आणि वर, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो ना बाप्पा, कपडे आठ-आठ दिवस वाळत नसत."

योगायोगानं तो जुलैच होता. काकूंनी गावातल्या वहिनींना त्या बंद घराचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगितला. व्हिडिओ आम्ही दोघींनी शेजारी बसून पाहिला. बाहेरून घर छान दिसत होतं. आत पश्चिमेकडच्या खोलीत वहिनींनी लाकडी पेटी जरा सरकवली, तर मागची भिंत छातीपर्यंत काळपट, वर पांढरी बुरशी, आणि पेटीच्या पायांशी ओलं पोतं. चिरा पाणी पितो. ज्या भिंतीवर वाऱ्यानं पाऊस आपटतो तिला बाहेरून गिलावा नसेल किंवा माडाच्या झापांचा नाहीतर ताडपत्रीचा आडोसा नसेल, तर ओल आत येणारच. वानरांनी फोडलेल्या कौलांतून दोन ठिकाणी पाणी ठिबकत होतं, आणि त्यातलं एक विजेच्या बोर्डाच्या वर. संडास घरापासून वीस-पंचवीस पावलांवर, मध्ये चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर हिरवंगार शेवाळ. काकू त्या पायऱ्यांकडे बघतच राहिल्या. रात्री दोनला, वीज गेलेली असताना, पावसात तिथून जायचं हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. माझ्या लेखी भूत, साप, चोर या सगळ्यांपेक्षा त्या पायऱ्या घातक. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुष्कळांना पुन्हा पहिल्यासारखं चालता येत नाही.

घराच्या मागे डोंगर कापलेला आहे का, पावसात त्याला नव्यानं झरे फुटतात का, झाडं कललीत का, हेही वहिनींना विचारलं. तसं काही नव्हतं, हे बरं. पुराचं विचारायचं ते शेजाऱ्यांना, विकणाऱ्याला नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात कुठवर चढलं ते तिथली भिंत अन् भिंत सांगते. आपल्याकडे नागपुरात 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा कुठली गल्ली बुडाली हेही तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. काकूंनी विचारल्यावर कळलं की गावाच्या वाटेवरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, दरवर्षी एक-दोन दिवस पाण्याखाली असतो. त्या दोन दिवसांत दम लागला तर दवाखान्यात नेणार कोण, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

आता कागद. भावाला काय म्हणायचं याचा आम्ही चक्क सराव केला. पहिल्यांदा काकू म्हणाल्या, "मुलगा विचारतोय म्हणून सातबारा पाठव." मी म्हटलं, मुलाच्या आड उभं राहायचं असेल तर हरकत नाही, पण घर तुम्ही घेताय. त्या दोन-तीनदा अडखळल्या, एकदा डोळे भरून आले. शेवटी जे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं ते साधं होतं: "दादा, माझ्याकडे एवढेच पैसे आहेत, म्हणून मला कागद बघायचेत." फोन त्यांनी घरून केला. पलीकडून आधी उत्तर आलं, "अगो, घरातल्यांकडे कागद कसले मागतंस?" काकूंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि फोन ठेवला.

भावानं पाठवली ती फक्त ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती. पुष्कळ लोक तिलाच मालकीचा पुरावा समजतात. घरपट्टी कुणाच्या नावावर आहे यावरून मालकी ठरत नाही. सातबारा काकूंच्या मुलानं ऑनलाइन काढला, डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. त्यावर भावासकट अकरा नावं. तिघं वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही, दोघं मुंबईत. जमीन सामाईक असेल तर एकटा माणूस फार तर आपला हिस्सा विकू शकतो, सगळं घर नाही. शिवाय घर शेतजमिनीवर उभं असेल तर महाराष्ट्रात ती जमीन शेतकरी खातेदारालाच घेता येते. काकूंचं नाव वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेलं होतं, त्यामुळे ही अडचण त्यांना नव्हती. नागपूरच्या इतर पुष्कळांना ती येईल. व्यवहार करण्याआधी उतारा आणि फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) घेऊन वकिलाकडे जा, हे मी प्रत्येकाला सांगते. वकिलाची फी त्यापुढे काहीच नाही.

काकूंनी घर घेतलं नाही. पण गावाकडे जायची ओढ खोटी नव्हती, आणि ती मोडून काढणं हे माझं काम नव्हतं. मी एवढंच सुचवलं की मुद्दल हलवायची नाही, आणि निदान एक पावसाळा भाड्यानं राहून बघायचा. भाडं उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसवायचं, म्हणजे काकूंसाठी सव्वापाच हजारांपर्यंत. त्याच्या वर गेलं की कात्री लागते ती औषधांना आणि फळांना, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

वहिनींनी कुडाळ शहरातच पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या शोधल्या. वर स्लॅब, स्लॅबवर पत्र्याची शेड, संडास आत, एसटी स्टँड चालत जाण्यासारखं, आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय एसटीनं जवळ. बायकांना एसटीत निम्मं तिकीट असल्यानं जाणं-येणं परवडतं. भाडं 5,000, डिपॉझिट 15,000. इथेही मालक म्हणाले, करार कशाला, विश्वासावर राहा. या वेळी काकू अडखळल्या नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्यानं देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तशी नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे समजावलं की शहाणे मालक स्वतःच नोंदणीला तयार होतात. हेही झाले. खर्च निम्मा-निम्मा.

पेन्शनची काळजी होती, ती लवकर मिटली. ईपीएसची पेन्शन जानेवारी 2025 पासून देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते. बचत योजनेची खातीही दुसरीकडे हलवता येतात. मेच्या शेवटी सामान बहिणीकडे टाकून काकू गेल्या. जाताना दोन महिन्यांची औषधं, टॉर्च, आणि ज्याला रात्री हाक मारता येईल अशा खालच्या बिऱ्हाडाचा नंबर. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइनही त्यांनी फोनमध्ये घातली.

पावसाळा सोपा गेला नाही. श्रावणात सलग काही दिवस वीज नव्हती, खोकला धरला, आणि एकदा रडत फोन आला की मी उगाच आले. आम्ही त्या दिवशी काहीच ठरवलं नाही, फक्त पुढच्या दोन दिवसांचं जेवण, औषध आणि कोण येऊन बघेल एवढंच बोललो. गणपतीत वहिनींकडे राहून आल्यावर आवाज बदलला होता. अकरा महिने संपल्यावर काकूंनी करार पुढे वाढवला. पाच लाखांचं खातं जागच्या जागी आहे. चुलत भाऊ अजून बोलत नाही, आणि ते काकूंना लागतं. त्याबद्दल आमचं फोनवर बोलणं चालू आहे.