वाचकांचे प्रश्न : मुलाखतीत उणीव सांगायची तरी कोणती?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. एसएसएलसीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, मग बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. गेल्या महिन्यात मच्छे इथल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलाखत झाली. ड्रॉइंगवरचे प्रश्न बरे गेले. शेवटी विचारलं, ‘तुमची स्ट्रेन्थ काय, वीकनेस काय?’ व्हिडिओ बघून पाठ केलं होतं ते सांगितलं : मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, आणि वीकनेस म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे. दोघे साहेब एकमेकांकडे बघून हसले आणि ‘कळवतो’ म्हणाले. आता कागलच्या एमआयडीसीतून बोलावणं आलंय, काम तेच. माझ्या खऱ्या उणिवा वेगळ्याच आहेत. कन्नड आणि इंग्रजी बोलताना अडखळतो. मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नाही. वडिलांच्या आजारपणात एक वर्ष घरची भातशेती बघितली, तो खंडही आहे. हे सगळं सांगितलं तर मला कोण घेईल?

उत्तर : बाळ, ते हसले याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या सकाळी तुझ्याआधी आत गेलेल्या तिघाचौघांनी तेच उत्तर दिलं असणार. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कार्मिक विभागात माझी नोकरी झाली, मुलाखतीच्या टेबलाची पलीकडची बाजू मी जवळून बघितली आहे. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ असं कोणी म्हटलं की पुढ्यातल्या कागदावर लिहायला काहीच मिळायचं नाही.

निपाणीकडची एक मुलगी मात्र मला अजून आठवते. तिला हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिनं स्वतःला एकही विशेषण लावलं नाही. म्हणाली, ‘अप्रेंटिस असताना पिनांचा व्यास मोजत होते. जेवणानंतर व्हर्नियर हातात घेतला, जबडे मिटवून बघितले, तर शून्याला शून्य जुळेना. ०.०४ मिलिमीटरचा फरक. तो कोणाच्या तरी हातून पडला होता, खरं कधी ते कोणी सांगेना. मग मी सकाळचा पास झालेला ट्रे अडवला आणि दुसऱ्या व्हर्नियरनं सगळे नग पुन्हा मोजले. सुपरवायझर रागावले, खरं मी ट्रे सोडला नाही.’ एवढंच. तिला पुढचा प्रश्न विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

तुझ्याकडेही असं काहीतरी आहे. डिप्लोम्याच्या प्रोजेक्टमध्ये शोध, नाहीतर त्या शेतीच्या वर्षात शोध. लावणीला माणसं मिळत नाहीत अशा दिवसांत तू गडी कसे जुळवलेस? मजुरीचा हिशेब कुठल्या वहीत ठेवलास? वडील अंथरुणावर असताना घेतलेला एखादा निर्णय तुला आठवत असेल. तेच सांग, जसं घडलं तसं, दोन मिनिटांत.

आता उणिवेकडे येते, कारण तुझी खरी अडचण तिथं आहे. टेबलापलीकडचा माणूस मनात एक हिशेब करत असतो : ही उणीव घेऊन हा मुलगा माझ्या लाइनवर उभा राहिला तर काय बिघडेल, आणि सांगितलेलं ऐकून सुधारणारा आहे का? तुझ्या यादीतली ‘मोठ्यांना नाही म्हणता येत नाही’ ही उणीव म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इन्स्पेक्टरचं काम म्हणजे दिवसभर नाही म्हणण्याचं काम. मशीनवर तुझ्या वडिलांच्या वयाचा ऑपरेटर असणार, कदाचित तुमच्याच पंचक्रोशीतला. शिफ्ट संपत आलेली, टार्गेट अपुरं. तो म्हणणार, ‘बाळ, एवढा एक नग सोड की.’ तो नग गिऱ्हाइकाकडे सापडला तर अख्खा लॉट परत येतो.

म्हणून ही उणीव नुसती सांगून थांबलास तर तुला घेणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो चांगल्या इन्स्पेक्टरांकडूनच मी बघितला आहे. भोक मोठं झालंय असा संशय आला की ते वाद घालत नाहीत. प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायची दांडी, ऑपरेटरच्याच हातात देतात : ‘काका, तुम्हीच घालून बघा.’ तिची नो-गोची बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या भोकात जी शिरतच नाही ती, आत शिरली की बोलायचं काही उरत नाही. मग रिपोर्टमध्ये नोंद, नगाला लाल टॅग, आणि नग रिजेक्शनच्या पेटीत. काकांचा मान राहतो, नगही अडतो. तू मुलाखतीत असं सांगू शकतोस : ‘वयानं मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं मला जड जातं. म्हणून मी मोजमाप त्यांच्यासमोर करतो आणि आकडा लिहून ठेवतो.’ मात्र हे तू खरोखर कुठंतरी केलेलं असायला हवं. उद्यमबागेत ओळखीचं एखादं वर्कशॉप असेल तर मुलाखतीपूर्वी चार दिवस तिथं जाऊन उभा राहा. बनवून सांगितलेलं दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

(एकच गोष्ट तपासून बघ. तोच नग शंभरदा मोजायचा तुला मनापासून कंटाळा येत असेल, तर ती उणीव मुलाखतीत झाकण्यात अर्थ नाही. मग उत्पादनाच्या किंवा मेंटेनन्सच्या बाजूची जागा बघ.)

कन्नडबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आपल्या घराघरांत आहे, माझ्याही घरात आहे, आणि त्यामुळे आपली मुलं ‘मला कन्नड येत नाही’ असं येत असलेलंही नाकारतात. शाळेत तुला कन्नड विषय होता. बसची पाटी तू वाचतोस. शेताचा उतारा कन्नडात निघतो, आणि वडिलांच्या आजारपणात तो आणायला तूच गेला असशील. समजतं सगळं, बोलताना अडतोस, हे त्याच शब्दांत सांग. कागलला निपाणी-चिकोडीकडून कामगार येतात. मराठीत बोलणारा, कन्नड समजणारा, हिंदीत निभावून नेणारा इन्स्पेक्टर तिथं कामाचा माणूस आहे. ही गोष्ट उणिवेच्या रकान्यातून काढ आणि जमेच्या बाजूला सांग.

इंग्रजीची फार काळजी करू नकोस. टॉलरन्स, रनआउट, सरफेस फिनिश हे शब्द तुला येतात, ड्रॉइंग वाचता येतं. वाक्य अडलं तर ‘मराठीत सांगू का?’ म्हणून विचार, त्यात कमीपणा नाही.

खंडाबद्दल विचारतीलच. ‘वडील आजारी होते, शेती मी बघितली, आता ते बरे आहेत आणि मी कामाला मोकळा आहे,’ एवढं सांगून थांब. वडिलांची तब्येत अजून पूर्ण सुधारली नसेल तर तुझ्यामागे शेतीकडे कोण बघणार आहे ते घरी आधी ठरवून जा, कारण पुढचा प्रश्न तोच येतो.