एमआरआयच्या पाकिटात राहिलेली चिठ्ठी

सातपूरहून लिहिणाऱ्या सदस्यांनी विचारले आहे की कंबर आठ महिने दुखते, पहाटे तीनला जाग येते, कशात मन लागत नाही, तर एमआरआय पुन्हा करावा का. मी डॉक्टर नाही, अंबडच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करते. तरीही हे वर्णन माझ्या २०२१ सालाचेच वाटले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याही एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती थोडी सरकलेली दिसली होती. अशा चकत्या कंबर न दुखणाऱ्या माणसांतही वयानुसार सर्रास आढळतात, हे मला फार उशिरा कळले. ज्या रुग्णालयात मी खेटे घालत होते, तिथे प्रत्येक वेळी नवा डॉक्टर, नवी गोळी आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढाच सल्ला मिळे. झोप किती लागते, हे वर्षभरात एकानेही विचारले नाही. अखेर एका तरुण डॉक्टरने मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. माझे दुखणे खोटे ठरवले, असे समजून मी ती पाकिटात कोंबली आणि तिथेच चौदा महिने राहू दिली. माझी सर्वांत महाग चूक हीच.

झोप तुटली की वेदना अडवणारी मेंदूची यंत्रणा ढिली पडते आणि तेवढेच दुखणे दुसऱ्या दिवशी अधिक बोचते. दुखण्यामुळे पुन्हा झोप मोडते. ज्या सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनचा मनःस्थितीशी संबंध आहे, तीच रसायने मज्जारज्जूपर्यंत येऊन वेदनेचे संदेशही दाबतात. म्हणूनच नैराश्यावरची काही औषधे जुनाट वेदनेवरही दिली जातात. मला रात्री त्यांपैकीच अमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा दिली होती. ते माझ्या प्रकृतीपुरते होते, कृपया स्वतःहून घेऊ नका. नातेवाइकांच्या डब्यातल्या अल्प्राझोलम या चिंता कमी करणाऱ्या गोळीला तर हातही लावू नका, कारण त्याची सवय लागते आणि गाढ झोप उलट कमी होते.

गोळीपेक्षा मला अधिक उपयोग झाला तो निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराचा. मी नऊ तास अंथरुणात पडून जेमतेम साडेपाच तास झोपत होते. समुपदेशकांनी अंथरुणातला वेळच रात्री बारा ते सकाळी सहा असा आखून दिला, दुपारची डुलकी बंद केली आणि जाग आल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसायला सांगितले. पहिले दोन आठवडे इतके वाईट गेले की दुचाकी घरी ठेवून मी शहर बसने कामावर जात असे. तुम्हीही त्या काळात गाडी चालवू नका. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सलग झोप लागू लागली. कंबर आजही दुखते, पण ती दिवसभराचा विषय राहिलेली नाही.

पायात अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा अकारण वजन घटणे असे काही असेल तर मात्र तातडीने तपासणी करावी. मोठ्याने घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. जगणे नकोसे वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर आजच बोला. तिथे मराठीतून बोलता येते. विम्याच्या खिडकीवर ‘मानसिक आजार बसत नाही’ असे सांगितले, तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्यावे असे सांगणाऱ्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. मी ते मागितले नव्हते.

दोन आठवडे झोपेची आणि दुखण्याची नोंद एकाच वहीत, शेजारशेजारच्या रकान्यांत ठेवा आणि एमआरआयच्या आधी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.