मारव्यातला विरह

अनेक आशीर्वाद.

तू गाऊन पाठवलेला मारवा राग नीट ऐकला. सूर जागेवर आहेत, तयारीही चांगली झाली आहे. पण बंदिशीत विरहाचे शब्द आले की तू आवाज कापरा करतेस, स्वराला हुंदका देतेस. मारव्याला ते नको असतं.

या रागात पंचम (प) नाही, शुद्ध मध्यमही (म) नाही. टेकायच्या दोन्ही जागा गेल्या, उरला षड्ज, म्हणजे सा. तो तंबोऱ्यात अखंड बोलतोय, ऐकणाऱ्याचा कान त्याच्याकडे लागलाय, आणि आपण मात्र 'ध़ नि़ रे' करत त्याला ओलांडून कोमल ऋषभावर (रे) जाऊन थांबतो. हा ऋषभ षड्जाला खेटून असतो, त्याच्याशी घासत राहतो. त्यात वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर ऋषभ आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा धैवत (ध), पण या दोघांत ना षड्ज-पंचम भाव, ना षड्ज-मध्यम भाव, म्हणजे सा-प किंवा सा-म यांच्यासारखं जुळणारं अंतर नाही. सगळी बेचैनी या बांधणीतच आहे गं, वरून दुःख कशाला ओतायचं?

म्हणून ऋषभ सरळ लाव. भैरव रागातलं आंदोलन, स्वराला दिलेला तो संथ झोका, इथे आणू नकोस. दम पुरेल तितका धर आणि षड्जावर उतरायचा मोह आवर. दर समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, तू षड्जावर येऊन बसतेस, तिथेच ओढ संपते. तो घ्यायचा खूप फिरून आल्यावर, जरासा, आणि लगेच पुन्हा निघायचं.

उस्ताद अमीर खाँसाहेबांची ती जुनी एल.पी. मिळव, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या झुमरा तालात ते खर्जात, खालच्या स्वरांत किती रमतात, घाई म्हणून नाही. मग वसंतराव देशपांडे ऐक. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून त्यांना मारव्याची तालीम मिळाली होती. त्यांचा मारवा धगधगता, अंगावर येणारा. मला स्वतःला तो जास्त जवळचा वाटतो. दोघांच्या व्यथेत जमीन-अस्मानाचा फरक, पण रडका सूर एकाचाही नाही.

पूरिया रागाला इतक्यात हात लावू नकोस. स्वर तेच, पण तिथे भार गंधार-निषादावर (ग-नि). आत्ता घेतलास तर दोन्ही राग एकमेकांत मिसळतील.

या आठवड्यात बंदिश बाजूला ठेव. दिवेलागणीला बस, तंबोऱ्याची पहिली तार निषादात मिळव आणि मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत ते मध्य सप्तकातला ऋषभ एवढ्यातच आलाप कर. तेवढंच ध्वनिमुद्रित करून पाठव.