सुटलेला सांधा आणि मिस्त्रींचा हात

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहते. शाळेतून निवृत्त झाले असले तरी गावच्या भजनात आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत आजही व्हायोलिनची साथ करते. माझे वाद्य बेळगावातल्या शहापूरच्या एका मिस्त्रींनी १९८९ मध्ये हाताने घडवले. घरी कन्नड बोलणारे मिस्त्री माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलत आणि मी घाई केली की म्हणत, “स्वल्प तडी अक्का (थोडं थांबा ताई), लाकूड अजून बोलत न्हाई.” दरवर्षी पाऊस सरला की मी वाद्य त्यांच्याकडे नेत असे. सायकलच्या तारेचा वाकवलेला आकडा आत घालून ते साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटातली उभी काडी, केसभर सरकवत आणि खंडेनवमीच्या पूजेला वाद्य माझ्या घरी आलेले असे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा श्रावणात खांद्याकडच्या बाजूला वरचा तक्ता आणि कडेची पट्टी यांमधला सांधा बोटभर सुटला आणि खर्जाची तार वाजवताना खरखर येऊ लागली. एका दुरुस्तीकाराने तक्ता उघडून आतला बासबार बदलावा, पॉलिशही नवे करावे, असे सुचवले आहे. मुलगा नवे परदेशी वाद्य घ्यायला सांगतो. तक्ता उघडला तर मिस्त्रींचा हातच त्यातून निघून जाईल, असे मला वाटते. काय करावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, सांधा सुटला याचा दोष मिस्त्रींना देऊ नका, कारण ती त्यांनीच ठेवलेली सोय आहे. व्हायोलिन सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाने, जोडतात आणि वरच्या तक्त्यासाठी सरस मुद्दाम पातळ करतात, म्हणजे ताण वाढला तर आधी सांधा सुटावा आणि लाकडाला चीर जाऊ नये. ओलाव्याने लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे जूनपासून तुमच्याकडे जो पाऊस कोसळतो, त्यात रुंद तक्ता एकीकडे ओढतो आणि कडेची अरुंद पट्टी दुसरीकडे. त्यात वाजवणाऱ्याच्या अंगाची ऊब आणि घाम जिथे लागतो ती खांद्याकडची बाजू बहुधा आधी सुटते. सरस उबेने आणि पाण्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून असे वाद्य जपून हाताळले तर पुन्हा पुन्हा उघडता आणि मिटवता येते. बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने ते जोडले तर ही सोय कायमची संपते, तेव्हा घरच्या घरी कोणी ‘दोन थेंब टाकतो’ म्हणाले तर त्यांना चहा द्या, वाद्य देऊ नका.

आता तक्ता उघडण्याविषयी. बोटभर सुटलेल्या सांध्यासाठी मुळात तो उघडावाच लागत नाही. जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढायचा, पातळ सुरीच्या पात्याने गरम सरस आत सोडायचा, शिकंजा लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही, एवढेच ते काम आहे. खरखर बहुतेक त्या सुटलेल्या कडेचीच असेल. बासबार, म्हणजे खर्जाच्या तारेखाली तक्त्याला आतून चिकटवलेली लांब पट्टी, बदलण्याचे कारण तेव्हाच असते जेव्हा ती स्वतः सुटलेली असते किंवा तक्ता त्या बाजूला खचलेला असतो. यांपैकी काय दिसले, हे त्या दुरुस्तीकाराला विचारा; उत्तर गोलमोल आले तर वाद्य घेऊन घरी या.

पॉलिशला मात्र स्पष्ट नकार द्या. मूळ लेप एकदा खरवडला की तो परत येत नाही. त्याचप्रमाणे, पुढे कधी तक्ता उघडावाच लागला तर तो आतून पातळ करू देऊ नका. मिस्त्रींचा हात असलाच तर तो इथे आहे : कुठे तीन मिलिमीटर ठेवायचे आणि कुठे त्याहून कमी, हे त्यांनी बोटांनी दाबून आणि टिचकी मारून ठरवले असणार, आणि तीच जाडी तुमच्या वाद्याचा आवाज आहे.

बाकी भाग बदलले म्हणून वाद्य परके होत नाही. इटलीतल्या क्रेमोना गावचा प्रसिद्ध व्हायोलिन-कारागीर स्ट्राडिव्हारी १७३७ मध्ये वारला. त्याच्या बहुतेक व्हायोलिनांच्या माना पुढे लांब केल्या गेल्या आणि बासबार तर जवळजवळ सगळ्यांचेच बदलले, कारण सूर चढत गेला तसा तारांचा ताणही वाढला. तरी ती वाद्ये आजही त्याच्याच नावाने ओळखली जातात. विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीनेही ग्वार्नेरी या कारागिराने १७४३ मध्ये घडवलेले आपले लाडके व्हायोलिन १८३३ मध्ये पॅरिसचे कारागीर व्हियोम यांच्याकडे दुरुस्तीला दिले होते. व्हियोम यांनी त्याची हुबेहूब प्रतिकृती केली, ती पुढे पागानिनीच्या सिवोरी या शिष्याकडे गेली. मूळ वाद्य मात्र पागानिनीने जन्मगावाला, जिनोआला, दिले.

तुमचे खरे नुकसान मला दुसरीकडे दिसते. दर आश्विनात साउंडपोस्ट बसवताना मिस्त्री जे ऐकत, ते आता कोण ऐकणार? पोटातली ही काडी (इटालियन लोक तिला ‘आनिमा’, म्हणजे आत्मा, म्हणतात) चिकटवलेली नसते, केवळ दाबाने उभी असते आणि घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या) बारीक तारेकडच्या पायामागे तिची जागा मिलिमीटरमध्ये ठरते. त्यांनी शेवटची बसवलेली काडी अजून उभी आहे, तोवर तिची जागा नोंदवून घ्या. मोबाइलचा दिवा एका एफ-होलमधून (तक्त्यावरच्या f आकाराच्या भोकातून) आत टाका, दुसऱ्यातून छायाचित्र काढा, आणि घोडीच्या पायापासूनचे अंतर कागदावर लिहा. चार तारांची मिळून ओढ २० किलोच्या वर जाते, म्हणून सांधा जुळेपर्यंत तारा दोन-तीन स्वर उतरवून ठेवा. एकदम साऱ्या सोडल्या तर घोडी आडवी होईल आणि काडीही पडेल.

मुलाचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पावसाळ्यातल्या भजनांसाठी एखादे साधे वाद्य घरात असू द्या, या वाद्याला ते चार महिने सुटी मिळेल.

आणखी एक. मिस्त्रींच्या घरी एकदा जाऊन या. कडेच्या पट्ट्या ज्या लाकडी फर्म्यावर वाकवल्या तो फर्मा आणि तारेचा तो आकडा कदाचित अजून खुंटीला असेल. घरच्यांनी दिला तर आकडा घ्या, फर्म्याचे निदान माप तरी उतरवून आणा. हवा कोरडी झाली की वाद्य दुरुस्तीला न्या आणि पेटीत वाद्याशेजारी तो मापाचा कागद ठेवा. दुरुस्तीकाराने आधी कागद उघडला की आधी पॉलिशचा डबा, यावरूनच वाद्य त्याच्याकडे ठेवायचे की नाही हे तुम्हाला कळेल.